लाभ

मोजताना आमच्यात 'एक' म्हणत नाहीत.
पहिल्या मापाला लाभ म्हणतात,
मग दोन, मग तीन.
अप्पा सांगायचे, मोजणीची सुरुवात एकटेपणानं करू नये.

तुर्भ्याच्या मार्केटात अठ्ठावीस वर्षं मापाडी आहे मी,
कांदा-बटाट्याच्या गाळ्यांपुढं.
आता काटा इलेक्ट्रॉनिक, लाल आकडा आपोआप पेटतो,
तरी पहिली गोण चढली की ओठ हलतात :
लाभ.

ओठच हलतात.
नेरूळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आ करा.
केला.
अजून करा.
म्हटलं, एवढाच आहे.
त्यांनी माझीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली.
दोन गेली.
तिसरं बाहेर राहिलं, पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखं.

मावा बंद, त्या म्हणाल्या. आणि काड्या.
आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून
दातांत धरायच्या, पाच-पाच मिनिटं, दिवसातून सहादा.
आठवड्याला एक काडी वाढवायची.
तर यशवंत ढेबे, वय चोपन्न,
कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, गच्चीवर,
पंधरा काड्या दाढेखाली धरून उभा.
समोर एमआयडीसीचा धूर, त्यामागं डोंगर,
आणि खालची पोरं वर बघून विचारतात,
काका, कुल्फी कुठाय?

दिवसही मोजायला लागलो.
लाभ, दोन, तीन, चार.
पाचव्या रात्री लासलगावची गाडी उशिरा लागली,
डोळे मिटायला लागले आणि हात खिशात गेला.
मी नाही नेला. तो गेला.
वाट त्याच्या पायाखालची.
आपला खिसा रिकामा लागला तर
हणमंताच्या खिशात गेला.

दुसऱ्या दिवशी, लाभ.

एकदा अकरापर्यंत पोचलो.
एकदा सतरा. सतराव्याला घणसोलीत पुतण्याचा साखरपुडा,
व्याही म्हणाले, आजच्या दिवस तरी.
आजच्या दिवसाला किती भाऊ असतात,
ते मला पुढच्या महिनाभरात कळलं.

कलावती काही बोलत नाही.
भाकरी चिमणीएवढी कुस्करून दुधात घालते
आणि ताट पुढं सरकवताना विचारते, आज कितवा?
लाभ, मी म्हणतो, खाली बघून.
परवा ती पळीनं भात सारखा करत म्हणाली,
आपल्या घरात नुसता लाभच लाभ चाललाय,
शेठ लोकांना कळवू नका.
मी हसलो. गाल आतून फाटल्यासारखे झाले,
पण हसलो, आणि ती पळी तशीच धरून
माझ्या तोंडात बघत राहिली,
किती उघडलंय ते.

खिसा शिवून घेतला मग.
टेलर म्हणाला, पैसे कुठं ठेवणार?
हात अजून जातो.
शिवणीवर येऊन थांबतो,
घर बदललेल्याच्या जुन्या दारावर
टकटक करावी तसा,
थोडा वेळ.

मला कुठला गड सर करायचा नाही.
सेक्टर पंधराच्या नाक्यावर एक पाणीपुरी,
अख्खी, एका घासात, दाताने न तोडता.
बस. नातीला शब्द दिलाय.

आज काड्या एकोणीस. दिवस तेविसावा,
म्हणजे हल्लीच्या मोजणीतला तेविसावा,
मागचे सगळे कुठल्या खात्यात धरायचे
ते मापाड्यालाही ठाऊक नाही.

पहिली पुरी ओठांवरच फुटली.
तिखट पाणी हनुवटीवरून, शर्टावरून,
शिवलेल्या खिशावर.
नात टाळ्या पिटून हसतेय.
भय्यानं अंगठ्यानं दुसरी फोडलीय, बुडवलीय,
हात पुढं करून थांबलाय, पाणी गळतंय,
मागं रांग आहे,
आणि मी तोंड उघडतोय,
अजून उघडतोय.